२ किलोबाइट रॅममध्ये धावणारा गेम

अर्डुइनो नॅनो (बोटाएवढा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड), ०.९६ इंची ओएलईडी डिस्प्ले, एक पुश बटण आणि ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायर जोडायची पाटी). गेम बनवायला शिकताना मला हे सामान मोठ्या गेम इंजिनापेक्षा जास्त आवडतं, कारण प्रत्येक बाइट आणि प्रत्येक मिलिसेकंद कुठे खर्च झाला ते इथे दिसतं. गेम साधाच घेतला: एक धावपटू, समोरून येणारे अडथळे, उडीसाठी एक बटण.

जोडणी थोडक्यात. डिस्प्लेची एसडीए (माहितीची) पिन नॅनोच्या ए४ ला, एससीएल (क्लॉकची) ए५ ला. पॉवरच्या वायर मात्र पिनांवरची नावं वाचूनच लावा. काही मॉड्यूलवर जीएनडी (ग्राउंड) पहिली असते, काहींवर व्हीसीसी (वीजपुरवठा), आणि उलटं लागलं तर डिस्प्ले जळू शकतो. बटणाचं एक टोक पिनला, दुसरं ग्राउंडला. पिन 'इनपुट पुलअप' ठेवली की चिपमधलाच रेझिस्टर वापरला जातो, वेगळा लागत नाही, फक्त बटण दाबल्यावर 'लो' (शून्य) मिळतं. स्वस्त नॅनोवर कोड चढत नसेल तर आधी सीएच३४० (बोर्डावरची यूएसबी चिप) चा ड्रायव्हर तपासा, मग प्रोसेसरच्या यादीत 'ओल्ड बूटलोडर' निवडून बघा. १.३ इंची डिस्प्लेमध्ये बऱ्याचदा एसएच११०६ चिप असते. ०.९६ इंचीवरच्या एसएसडी१३०६ चिपची लायब्ररी (तयार कोड) तिच्यावर चित्र विस्कटून टाकते, तिला तिची वेगळी लायब्ररी हवी.

खरी गंमत मेमरीत आहे. नॅनोच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये रॅम २०४८ बाइट. स्क्रीन १२८ गुणिले ६४, म्हणजे ८१९२ पिक्सेल. प्रत्येकी एक बिट धरला तरी १०२४ बाइट. अर्धी रॅम नुसत्या चित्रात गेली. डिस्प्लेसाठीची ॲडाफ्रूटची लायब्ररी चित्राची ही जागा, म्हणजे बफर, प्रोग्रॅम सुरू झाल्यावर मागते, त्यामुळे कंपाइल झाल्यावर दिसणाऱ्या आकड्यात तो धरलेलाच नसतो. तिथे ११०० बाइट वापरले असं दिसतं, सगळं ठीक वाटतं, आणि स्क्रीन मात्र काळीच राहते. बफर जेमतेम मावला तर आणखी वाईट: स्टॅकला (फंक्शनांच्या तात्पुरत्या रॅमला) जागा उरत नाही आणि गेम मध्येच कुठेही रीसेट होतो. म्हणून कंपाइलरचा आकडा मी ७०० च्या आत ठेवतो. ७०० अधिक १०२४ म्हणजे १७२४. स्टॅकला तीनशेच्या वर बाइट उरतात. जागा वाचवायची तर चित्रं 'प्रोगमेम'मध्ये, म्हणजे प्रोग्रॅम जिथे राहतो त्या ३२ किलोबाइटच्या फ्लॅशमध्ये टाका, आणि काम झाल्यावर सीरियल (कॉम्प्युटरला संदेश पाठवण्याचा कोड) काढून टाका. त्याचे ६४-६४ बाइटचे दोन बफर असतात.

मराठी अक्षरांचंही तसंच. लायब्ररीच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही, आणि मात्रा-जोडाक्षरांची जुळणी या चिपवर करण्यात अर्थ नाही. 'खेळ संपला' हे शब्द गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मुक्त फाँटात लिहून, अँटिएलियासिंग (कडा करड्या छटांनी गुळगुळीत करणं) बंद करून, १२८ बाय १६ चं काळंपांढरं चित्र केलं की फ्लॅशमधले फक्त २५६ बाइट लागतात. एवढ्या लहान आकारात शिरोरेषा तुटते आणि 'ख'चं पोट बुजतं. ते पिक्सेल हातानेच दुरुस्त करावे लागतात. त्यावर घालवलेला वेळ सत्कारणी लागतो. आपल्या लिपीतला शब्द त्या इवल्या पडद्यावर स्वच्छ दिसायलाच हवा.

आता वेळ. आय-टू-सी बस (डिस्प्लेच्या त्या दोन वायर) ४०० किलोहर्ट्झवर चालवली तरी १०२४ बाइट पाठवायला, पत्त्याचे आणि नियंत्रणाचे बाइट धरून, २५ मिलिसेकंदांच्या वर जातात. १०० किलोहर्ट्झवर याच्या चौपट. म्हणून सेकंदाला ६० फ्रेमचा (चित्रांचा) हट्ट सोडून मी ३० वर थांबतो: फ्रेमला ३३ मिलिसेकंद, त्यातले गेमच्या कामाला सातेक. 'डिले' (तेवढा वेळ सगळं थांबवून ठेवणारी आज्ञा) वापरू नका. पुढच्या फ्रेमची वेळ आधीच्या ठरलेल्या वेळेत ३३ मिळवून काढा. 'आत्ताची वेळ अधिक ३३' असं लिहिलं तर प्रत्येक फ्रेमचा थोडा उशीर साठत जातो.

या चिपमध्ये दशांश संख्यांसाठी वेगळं हार्डवेअर नाही, त्यामुळे जागा आणि गती १६ बिटी पूर्णांकांत ठेवल्या: १ पिक्सेल म्हणजे १६ एकक. उडीची सुरुवातीची गती ४४, गुरुत्वाकर्षण दर फ्रेमला ४. आधी जागा बदलून मग गती कमी केली तर उडी ४४ अधिक ४० अधिक ३६ अशी ४ पर्यंत, म्हणजे २६४ एकक, साडेसोळा पिक्सेल. क्रम उलटा केला की पहिले ४४ जातात, उरतात २२०, म्हणजे पावणेचौदा. दोन ओळींची अदलाबदल, आणि काल पार होणारा अडथळा आज पायाला लागतो. क्रम एकदा ठरवा आणि मग हात लावू नका.

अडथळा १० पिक्सेल उंच धरला तर साडेसोळाच्या उडीत धावपटू त्याच्या वर १४ फ्रेम राहतो. धावपटू ८ पिक्सेल रुंद, अडथळाही ८, म्हणजे १६ पिक्सेल सरकेपर्यंत हवेत राहायला हवं. वेग फ्रेमला २ पिक्सेल असेल तर ८ फ्रेम लागतात, ४ केला तर ४ च. म्हणजे वेग वाढवल्यावर अडथळा ओलांडणं सोपं होतं! कठीण होतं ते नजरेला: धावपटूपुढे १०४ पिक्सेल मोकळे असतील तर २ च्या वेगाला १.७ सेकंद मिळतात, ४ ला ०.९ सुद्धा नाही. त्यामुळे वेगाबरोबर अडथळ्यांची रुंदीही थोडी वाढवली, तेव्हा कुठे खेळाला धार आली.

बटण दर ३३ मिलिसेकंदांनी वाचलं जात असल्यामुळे डीबाउन्सचा (एका दाबाचे अनेक दाब मोजले जाऊ नयेत यासाठीचा) वेगळा कोड लागला नाही, पण आधीची स्थिती साठवून नवीन दाब तेवढाच मोजावा लागतो. जमिनीला टेकण्याआधी ३ फ्रेमच्या आत आलेला दाब लक्षात ठेवून टेकताच उडी द्या. हे नसेल तर खेळणाऱ्याला बटण खराब वाटतं.

सर्वोच्च गुण ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) २ बाइटांत राहतात. एका जागेवर १ लाख वेळा लिहिता येतं, म्हणून गेम संपल्यावर आणि विक्रम मोडला असेल तरच 'अपडेट' करा. कोऱ्या ईईप्रॉमचा प्रत्येक बाइट २५५ असतो, त्यामुळे पहिल्यांदा सर्वोच्च गुण ६५५३५ दिसतात आणि विक्रम कधीच मोडत नाही. वाचताना ६५५३५ आला तर शून्य धरा.