पहिलं पाणी

नरकचतुर्दशीला पहाटे पाच वाजता उटणं भिजवून झालं, पाटाभोवती रांगोळी झाली, वाटीत तेल कोमट झालं, आणि मग लक्षात आलं की ज्या माणसाला ओरडून ओरडून उठवायचं ते माणूसच घरात नाही. गेली पंधरा वर्षं आमच्या मजल्यावरची दिवाळी फटाक्यांनी नाही, माझ्या आवाजाने सुरू होते. यंदा पाडव्याला शेजारच्या काकूंनी विचारलं, "परवा बरं नव्हतं का गं? काही ऐकू आलं नाही."

लेक जपानला गेली होती. जपानी भाषेच्या क्लासमधली बारा मुलं, दहा दिवस, ओकायामाला. प्रत्येकाला एकेक जपानी घर. आपल्याकडे पहाटेचे पाच म्हणजे तिथे साडेआठ. त्या वेळी ती यजमानांच्या मुलीबरोबर तिच्या शाळेत पोचलीही होती, आणि तीसुद्धा आंघोळ न करता, कारण तिथे आंघोळ रात्री करतात. "आदल्या रात्रीची म्हणजे सूर्योदयाच्या आधीचीच की," सासूबाईंनी हिशेब जुळवला. "चालेल." नातीच्या बाबतीत आमच्याकडे शास्त्राला बरीच लवचिकता आहे. मला ही सवलत कधी मिळाल्याचं आठवत नाही.

ओकायामाच का, हे पुणेकराला सांगायला लागू नये. सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे बाग म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामातलं कोराकुएन नावाचं जुनं उद्यान डोळ्यांसमोर ठेवून ती केलेली आहे. ते मूळ उद्यान 1687 साली करायला घेतलं आणि 1700 साली पुरं झालं, म्हणजे आपल्याकडे थोरल्या बाजीरावांचा जन्म झाला त्याच साली. तिसऱ्या दिवशी या मुलांना ते दाखवायला नेलं. नदीपलीकडे काळा कुळकुळीत किल्ला, इकडे हिरवळ, तळी, पूल. लेकीचा फोन आला, "आई, सेम आपल्या बागेसारखं आहे गं!" म्हटलं, अगं, उलटं. आपली त्यांच्यासारखी. तर म्हणाली, "तेच ते. फक्त इथे हिरवळीकडे बघितलं तरी शिट्टी वाजत नाही."

पण ते तिसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी आलेला निरोप एवढाच होता: 'पोचले. घर छान. झोपते.' बॅग भरायला मी तीन दिवस घेतले होते आणि त्यात कपडे नावापुरते होते. मेतकूट, लसणीची चटणी, चिवडा, भाजणीच्या चकल्या, यजमानांसाठी पैठणीच्या कापडाच्या पर्स. एवढं सगळं पाठवल्यावर आईला निदान चार ओळी मिळाव्यात की नाही? नवरा म्हणाला, "पोस्टकार्डाच्या दराने लिहितेय."

दुसऱ्या दिवशी मात्र कळलं की पहिल्या संध्याकाळीच एक घोळ झाला होता. यजमानीणबाईंची बहीण भेटायला आली होती. क्लासमध्ये शिकल्याप्रमाणे हिने वाकून त्यांना हाक मारली. आता जपानीत ओबासान म्हणजे मावशी किंवा काकू, आणि ओबाऽसान म्हणजे आजी. आकार किती लांबवायचा एवढाच फरक. हिने घाबरून तो चांगला दोन मात्रा जास्त लांबवला आणि चाळिशीतल्या बाईची आजी करून टाकली. मराठीच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घाला अर्धा मार्क जातो म्हणून आमच्याकडे केवढी भांडणं झाली आहेत! "काय फरक पडतो गं?" हा तिचा नेहमीचा सवाल. मी फोनवर अगदी काही म्हणजे काही बोलले नाही. पण तिलाच काहीतरी ऐकू गेलं असावं, कारण ती म्हणाली, "हो, कळलं, हसू नकोस."

खरा प्रसंग त्यानंतरचा, आंघोळीचा.

तिथली आंघोळ समजून घ्यायला मला दोन फोन लागले. न्हाणीघरात एक छोटं, बुटकं स्टूल. त्यावर बसून आधी साबण लावून, डोकं-अंग खसाखसा धुऊन पूर्ण स्वच्छ व्हायचं. आपली आंघोळ जिथे संपते तिथून त्यांची सुरू. मग शेजारच्या खोल टबात गळ्यापर्यंत बसायचं. पाणी चाळीस-एक्केचाळीस अंशांचं, बोट घातलं तर चटकन मागे घ्यावं असं. टबात साबण न्यायचा नाही, केस बुडवायचे नाहीत, अंग चोळायचं नाही. नुसतं बसायचं. (हे ऐकून नवऱ्याला प्रथमच जपानला जावंसं वाटलं.) मग बाहेर यायचं, टबावर झाकण ओढायचं आणि पाणी तसंच ठेवायचं, कारण ते घरातल्या सगळ्यांचं. एकामागून एक सगळे त्याच पाण्यात बसतात, आणि त्यात पहिला मान पाहुण्याचा.

भिंतीवरच्या यंत्राने गाणं वाजवलं, बाईच्या आवाजात 'ओफुरो गा वाकिमाशिता', म्हणजे आंघोळीचं पाणी तयार आहे, असं सांगितलं, आणि लेकीला आत धाडण्यात आलं. ती वीस मिनिटं बसली. लालबुंद होऊन बाहेर आली. आणि ऐन मोक्याच्या क्षणी तिच्या अंगात संस्कार संचारले. आमच्या घरी जिचा ओला टॉवेल गादीवर पडलेला असतो, जिचे केस मी जाळीतून काढते, त्या मुलीला ओकायामात वाटलं की परक्याच्या घरी आपलं आपण आवरून बाहेर पडावं. तिने टबाचं बूच काढलं. एवढंच नाही, पाणी गेल्यावर शॉवर मारून टब स्वच्छही केला.

पाणी जाताना शेवटी जो गुडगुड आवाज होतो, तो बाहेर ऐकू गेला. यजमानीणबाई दाराशी येऊन फक्त "आ" म्हणाल्या. मग लगेच "दाइजोबु, दाइजोबु", काही हरकत नाही, म्हणाल्या. लेक म्हणते, त्या "आ"मध्येच सगळं आलं. ऑफिसातून दमून आलेले घराचे बाबा टब पुन्हा भरेपर्यंत पंचा खांद्यावर टाकून पेपर वाचत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की टबातलं उरलेलं पाणी नळीने कपडे धुण्याच्या मशिनला द्यायची पद्धत आहे. म्हणजे तेही गेलं असतं, ते पाणी पुन्हा भरलं म्हणून वाचलं.

"पण अगं, तुला सांगितलं होतं ना त्यांनी?" मी विचारलं.

"सांगितलं होतं. पण आई, मी बसलेलं पाणी दुसऱ्याला कसं ठेवायचं? उष्टं ना ते!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाटली तोंडाला लावू नकोस, वरून पी. चमचा चाखून परत पातेल्यात बुडवू नकोस. हे पंधरा वर्षं मीच घोकून घेतलंय. ते इतकं आत मुरलं असेल अशी शंका मला पुण्यात कधी आली नव्हती. वरून पाणी पिण्याबद्दल तर मी रोज बोलते आणि रोज बाटलीला तोंड लागलेलं दिसतं.

सासूबाई आधी "सगळ्यांचं एकच पाणी? शी!" म्हणाल्या. मग विचारलं, टबात मावतं किती? साधारण दोनशे लिटर, म्हटलं. त्यांनी मनात भागाकार केला. "दहा बादल्या! दहा बादल्या ओतल्या कार्टीने?" सासूबाई नारायण पेठेतल्या वाड्यात वाढल्या. 1961 च्या जुलैत पानशेत फुटलं तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. पुराबद्दल त्या फारसं बोलत नाहीत; पूर ओसरल्यावर नळाला पाणी नव्हतं, आडावर रांग असायची, त्याबद्दल बोलतात. शहरभर चिखल आणि धुवायला पाणी नाही. आजही आमच्याकडे भाजी धुतलेलं पाणी तुळशीला जातं आणि खडकवासल्याचा साठा पेपरात आधी वाचला जातो, मृत्युवार्ता नंतर.

थोड्या वेळाने त्यांनाच आठवलं. वाड्यात तांब्याचा एक बंब होता. त्याचं पहिलं कढत पाणी आजोबांना, मग काकांना, मग शाळेत जाणाऱ्या मुलांना. बायकांची पाळी येईपर्यंत बंबात राख उरायची. "पाहुण्याला पहिलं पाणी, हे मात्र त्यांचं बरोबर आहे हो," म्हणाल्या. त्यांच्या आईला बंबाचं पहिलं पाणी वर्षातून एकदा मिळायचं का, असं मी विचारलं. दिवाळीत? "दिवाळीत तर ती आम्हाला तेल लावत बसलेली असायची," म्हणाल्या, आणि उठून देवघरात गेल्या.

बूच प्रकरणानंतर लेकीचे निरोप लांबले. एकदा लिहिलं, 'आज सकाळी काकी खाल्ली. गोड होती.' सासूबाईंना चष्मा बदलावा लागला. तर काकी म्हणजे तिथलं एक फळ, केशरी, टोमॅटोसारखं दिसणारं, शरद ऋतूत झाडाला लगडणारं. मेतकुटाचंही सोनं झालं. त्यांचा भात चिकट, म्हणजे आपला गुरगुट्या; त्यावर मेतकूट शिंपडून यजमानीणबाईंनी डोळे मिटून घेतले म्हणे. चकलीचा फोटो आला. एक चकली चार ठिकाणी मोडून चार छोट्या बश्यांत, प्रत्येक बशीत एकेक तुकडा, शेजारी हिरव्या चहाचा कप. माझ्या चकलीला इतक्या आदराने आजवर कोणी वागवलेलं नाही. आमच्याकडे डबा उघडा असतो आणि येता-जाता हात जातो.

पाचव्या दिवशी व्हिडिओ कॉल. पलीकडे अख्खं कुटुंब ओळीने गुडघ्यांवर बसलेलं, इकडे मी साडी नेसून. सगळे वाकले, मीही वाकले, त्यामुळे काही सेकंद कोणीच कोणाला दिसलं नाही. नवरा नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत. मी मागे वळून हाक मारली, "अहो!" मग जरा जोरात, "अहो, या ना लवकर!"

पलीकडे शांतता. घराचे बाबा दचकून जरा मागे सरकले. लेक कपाळाला हात लावून भरभर जपानीत काहीतरी सांगायला लागली. जपानीत, त्यातही त्या पश्चिमेकडच्या भागात, 'आहो' म्हणजे मूर्ख. आणि आपलं अहो लांबून हाक मारताना आहोच होतं. नवरा नेमका तेव्हाच खोलीतून बाहेर आला, हात जोडून, हसत. म्हणजे त्यांनी बघितलं ते असं, की बायकोने घरभर ऐकू जाईल एवढ्याने मूर्ख म्हणून बोलावलं आणि हा माणूस आनंदाने आला.

आता मार्चच्या शेवटी त्यांची मुलगी आमच्याकडे येणार आहे. लेकीने मला आपल्या घरचे नियम लिहून द्यायला सांगितलंय, ती भाषांतर करणार. मी लिहायला बसले. गिझर आधी लावायचा, पण बटण बाहेर आहे. बादली भरायची, मगने घ्यायचं. बेसिनचं पाणी प्यायचं नाही, फिल्टरचंच. सकाळी सहाला बेल वाजली तर तो दूधवाला, दचकायचं नाही. पोळी 'नको' म्हटलं तरी एक वाढली जाईल, आणि खरंच नको असेल तर ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे. सासूबाईंनी सांगून एक कलम घालायला लावलं: पहिल्या दिवशी पहिलं पाणी तिला. आमच्याकडे एकच गिझर आणि सकाळी आठचं ऑफिस, त्यामुळे या कलमावर नवऱ्याने अजून सही केलेली नाही.

आणि एक कलम माझ्यासाठी आहे. ती असेपर्यंत नवऱ्याला नावाने हाक मारायची. माझ्या सगळ्या मैत्रिणी मारतात. मला वीस वर्षांत जमलं नाही, सासूबाईंसमोर तर नाहीच. तालीम म्हणून परवा स्वयंपाकघरातून एकदा हाक मारली. काही उत्तर नाही. दुसऱ्यांदा मारली. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, कोण आलंय?" शेवटी गॅसवरचं दूध वर यायला लागलं तेव्हा नकळत "अहो!" म्हटलं गेलं, आणि लगेच आतून आलं, "काय गं?"