धामणगावच्या मंगल कार्यालयात दुबई

मामाच्या गावाला मी डिसेंबरात जाते ती सोल्यांसाठी. तुरीच्या ओल्या शेंगा वावरातून तोडून आणायच्या, उन्हात बसून सोलायच्या आणि मामीच्या हातचा सोलेभात खायचा. यंदा शेंगा सोलताना घरातलं सगळं बोलणं दुबईवरच येऊन थांबत होतं.

विदर्भ एक्स्प्रेसचा रात्रभराचा प्रवास बरा झाला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. धामणगाव रेल्वेला मामेभाऊ गाडी घेऊन आला होता. त्याला मी दादा म्हणते. स्टेशनापासून गावापर्यंत तो फ्लॅट, बाल्कनी आणि समुद्र एवढंच बोलला. मध्ये समृद्धी महामार्गाच्या खालून अंडरपास लागतो. मुंबई-नागपूर असा ७०१ किलोमीटरचा तो रस्ता मामाच्या वावरातून गेलाय. पूर्वी गोठ्यातून निघालेली बैलबंडी सरळ धुऱ्यापर्यंत जायची. आता पलीकडच्या तुकड्यातला कापूस वेचायचा तर अंडरपासपर्यंत वळसा घालावा लागतो, आणि मजुरीच्या बायकांना तो वळसा पायी पडतो. मला त्या रस्त्याचा राग नाही, मीही त्यावरून नागपूरला गेलेय. पण मोबदल्याचे पैसे गावात आले तेव्हापासून त्यांच्या मागावर कोणकोण येतंय, ते पाहून फार वाईट वाटतं. मामाच्या पैशातून घर झालं, बहिणीचं लग्न झालं, बोअर झाली. उरलेल्याची एफडी आहे, आणि आता तिच्यावर डोळा होता.

मोझरी आणि कौंडण्यपूर बघणं एका दिवसात झालं. दुसऱ्या दिवशी धामणगावच्या एका मंगल कार्यालयात ‘परदेशी मालमत्ता मेळावा’ होता. मी बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर काम करते, म्हणून मामा म्हणाला, “तू बँकेतली हायेस नं बाई, तूच पाहून दे. मले काय समजते त्यातलं?”

या गावात कुणाच्याही दारात उभं राहिलं की आधी पाणी येतं, मग चहा, आणि कशाला आलात हे सगळ्यात शेवटी विचारतात. त्या कार्यालयाच्या दारात आधी फॉर्म मिळाला. नाव, मोबाईल, पॅन, आणि एक रकाना असा: ‘महामार्गात गेलेली जमीन, एकर’. तो भरल्याशिवाय जेवणाचं कूपन नाही. पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्यांवर धोतर-टोपीतली माणसं अंग चोरून बसली होती. समोर पडद्यावर पाम जुमेरा, दुबईतलं ते ताडाच्या आकाराचं बेट, फिरत होतं. सूटातला तरुण छान मराठी बोलत होता, आणि त्याचं बरंचसं खरंही होतं. २००२ साली तेव्हाचे युवराज शेख मोहम्मद बिन रशीद अल मक्तूम यांनी परदेशी माणसाला दुबईत ठरावीक भागांत मालकी हक्काने घर घेण्याची वाट उघडली, २००६ च्या कायद्याने ती पक्की केली. २० लाख दिरहमची मालमत्ता घेतली तर १० वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळू शकतो. मग आलं ते “भाडं पूर्ण करमुक्त”. इथे मी वहीत पहिली खूण केली. तिथे व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नाही हे खरं, पण भारतात राहणाऱ्या माणसाला ते भाडं इथल्या विवरणपत्रात दाखवून इथे कर भरावा लागतो.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा पुरुषांनी हप्ता विचारला, भाव विचारला. मग मामी उठली. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, “साहेब, मले एक सांगा. उद्या आमच्या ह्यायचं काही बरंवाईट झालं, तं तिथल्या कागदावर पोराईचं नाव कसं चढन? इथं तलाठी हाये. तिथं कोन हाये?”

तो हसला. “काकू, तुम्ही कशाला टेन्शन घेता? दादा आहेत ना!” आणि पुढच्या रांगेतली दोन-चार माणसंही हसली. मामी खाली बसली.

त्या सभागृहातला तो सगळ्यात शहाणा प्रश्न होता. मोबदल्याच्या वेळी याच बाईने वारस नोंदीसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, कारण आजोबा गेल्यावर सातबारा कुणी बदललाच नव्हता. तिला माहीत आहे की मालक मेल्यावर कागद मुका होतो. आणि याचं उत्तर आहे! बिगरमुस्लिम माणसाला दुबईत मृत्युपत्र नोंदवता येतं, तिथल्या आर्थिक केंद्रात, म्हणजे डीआयएफसीमध्ये, ही सोय २०१५ पासून आहे. त्याला फी पडते, कागद इंग्रजीत करावे लागतात. घर विकणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं. ठाऊक असेल तर त्याने सांगितलं नाही, आणि नसेल तर तो कुणाला काय विकतोय? माझे कान तापले होते. मी उठून हेच विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, ते डिटेल आपण वन टू वन बोलू.”

जेवण झकपक होतं, पनीर, दोन गोड. मला ते गेलं नाही. तिथेच दादाने हळूच सांगितलं, की त्याच्या टेबलावरच्या माणसाने सुचवलंय, बँकेच्या भानगडीत पडू नका, रोख इथे द्या, दिरहम तिथे जमा होतील. म्हणजे सरळ हवाला. परकीय चलनाच्या फेमा कायद्यात यासाठी गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो, बाहेर नियमबाह्य मालमत्ता घेतली तर तेवढ्याच किमतीची इथली मालमत्ता जप्त होऊ शकते. इथली म्हणजे कोणती? रस्त्याने दोन तुकडे करून ठेवलेलं ते वावर!

संध्याकाळी सपरीत मी वही उघडली. मामा, दादा, दोन शेजारी, आणि सोले घेऊन मामी. एका माणसाला एका आर्थिक वर्षात बाहेर पाठवता येतात २,५०,००० डॉलर, लहानमोठ्या सगळ्या कारणांचे मिळून. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. म्हणजे गोल्डन व्हिसाचे २० लाख दिरहम झाले ५ लाख ४४ हजार डॉलरच्या वर. मामाला एकट्याला एका वर्षात त्यातले निम्मेही पाठवता येणार नाहीत. मामीच्या नावाने धरले तरी पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागेल. शिवाय १० लाख रुपयांच्या वर जे जाईल त्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. समजा ६० लाख पाठवायचे, तर आणखी १० लाख हाताशी हवेत. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, त्यामुळे विवरणपत्र भरून ते बहुतेक परत मिळतील, पण तोवर अडकले. तिथल्या जमीन विभागाची नोंदणी फी ४ टक्के, कायद्यात दोघांची असली तरी व्यवहारात बहुतेक वेळा घेणाराच भरतो. इमारतीचा सेवाआकार दरवर्षी वेगळा. आणि रोजगाराचं किंवा धंद्याचं उत्पन्न नसलं तरी, बाहेर घर आहे म्हणून दरवर्षी विवरणपत्र भरायचं आणि त्यात ते दाखवायचं. ते लपवलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो.

“आन बांधकाम अर्धवट राह्यलं तं?” एका शेजाऱ्याने विचारलं. २००८ च्या मंदीत दुबईतले कितीतरी प्रकल्प तसेच थांबले होते. म्हणून पैसे भरायचे ते बिल्डरच्या चालू खात्यात कधीच नाही, त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्याच बांधकामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात. २००७ पासून तिथे तसा कायदाच आहे. खाते क्रमांक मागा, तो जमीन विभागाकडे नोंदलेला आहे का ते बघा. हे मी इथे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगतेय, कारण त्या मेळाव्यातल्या एकाही कागदावर तो क्रमांक नव्हता. रंगीत, जाड, गुळगुळीत कागद, आणि त्यावर समुद्र.

दादा चिडला. “ताई, तुमी शहरात फ्लॅट घेता, तवा कोनी इतकं विचारत नाई.” त्याचं दुखणं मला कळतं. कापसाच्या भावावर आयुष्य काढलेल्या घरातल्या मुलाला एकदा तरी पावसावर न टांगलेलं काहीतरी हवं असतं. दुबईत घर घेणं हे पाप नाही, तो कायद्याने मोकळा रस्ता आहे. पण ज्या माणसाने त्याच्या आईला भर सभेत हसून बसवलं, त्याच्या हातून ते घर घेऊ नये असं माझं मत आहे, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलं.

एफडी मामा-मामीच्या जोडनावाने आहे, मोडायला दोघांची सही लागते. रात्री मामीने माझ्याकडून तीन प्रश्न मराठीत मोठ्या अक्षरात लिहून घेतले: वारसाचं काय, एस्क्रो खाते क्रमांक कोणता, आणि पैसे बँकेतूनच जातील ना. याचं लेखी उत्तर आल्याशिवाय सही नाही, असं तिने दादाला जेवताना सांगितलं. मामा काही बोलला नाही, त्याने भातावर मान खाली घातली.

तो कागद दादानेच फोटो काढून त्या एजंटला पाठवला. उत्तरं नीट आली तर त्याच्यासोबत जागा बघायला दुबईला मी स्वतःच्या खर्चाने येईन, असं मी त्याला सांगून आलेय. अजून उत्तर आलेलं नाही.