उलटा जीन टाकला की ट्यूमर संपत का नाही?

ठाणे-पनवेल लोकलच्या लेडीज डब्यातली माझी रोजची मैत्रीण आणि सोसायटीतले एक काका, दोघांचा प्रश्न एकच, ब्रेन ट्यूमरच्या पेशीत तुम्ही लॅबमध्ये उलटा जीन टाकता ना, मग वाईट जीन बंद होऊन विषय संपत का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आयडिया सोपी आहे, जीनची जी आरएनए कॉपी निघते तिला तिच्याच जोडीच्या अक्षरांची उलटी कॉपी चिकटवायची, चेन लावल्यासारखी, की पुढे प्रोटीन बनत नाही. १९७८ मध्ये झामेक्निक आणि स्टीफनसन यांनी डीएनएच्या छोट्या तुकड्याने असाच एक व्हायरस अडवला होता. पण न्यूक्लियस, म्हणजे पेशीचं केंद्रक, काय रिकामी खोली नाही हो, तिथे इतकी प्रोटीन्स आहेत की नवीन आरएनए दिसला की कोणीतरी धरतंच. दोन धागे जुळले की एडार नावाचं एन्झाइम त्यातली ए अक्षरं बदलत सुटतं, आणि फार खाडाखोड झालेला आरएनए दुसरं एक प्रोटीन न्यूक्लियसमध्येच अडवून ठेवतं, म्हणजे जीन गप्प बसला तरी आपण ठरवलं त्याच रस्त्याने बसला असं नाही.

जीनऐवजी डीएनएचे तयार छोटे तुकडे टाकले तर आरएनेज एच नावाचं एन्झाइम येऊन समोरचा आरएनए कापतं, छान, पण ते तुकडे टिकावेत म्हणून त्यात सल्फर घालतात आणि सल्फर आलं की ते प्रोटीनला जास्तच चिकटतात, न्यूक्लिओलिनला वगैरे, जे भराभर वाढणाऱ्या पेशीत भरपूर असतं.

कधी आरएनएवर प्रोटीन बसण्याची हीच गोष्ट कामाची होते. नुसिनर्सेन हे एसएमएचं, म्हणजे स्नायू कमजोर करणाऱ्या एका आनुवंशिक आजाराचं औषध (अमेरिकेत २०१६ ला मंजूर) काहीच कापत नाही, नको असलेलं न्यूक्लियसमधलं प्रोटीन आरएनएवर जिथे बसतं तिथे आधीच रुमाल टाकून ठेवतं, बस.

मी लॅबमध्ये नवीन होते तेव्हा ग्लिओमाच्या (हा ब्रेन ट्यूमरचाच प्रकार) प्लेटमध्ये पेशी पटापट मरताना बघितल्या आणि खारघर स्टेशनजवळून पाव किलो पेढे आणले, सगळ्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी कंट्रोलची प्लेट मोजली, तेच तुकडे पण अक्षरं विस्कटलेली, कुठल्याच जीनला न जुळणारी. तिथेही तितक्याच मेल्या होत्या. सर काहीच बोलले नाहीत, डब्यात उरलेला पेढा तेवढा खाल्ला.