तुम्ही विचारलंत म्हणून : तिलाच विचारा

“संसार मांडून झाल्यावर, एवढ्या मोठेपणी, तुम्ही कॅथलिक कशा काय झालात?” सांगलीत हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारतात, कापडपेठेत साडीच्या दुकानात गादीवर बसल्याबसल्याही विचारतात. विचारणाऱ्या बहुतेकांची माझ्यावर माया आहे. काहींच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो : किती मिळाले? तो तोंडावर कुणी विचारत नाही, पण फिरून फिरून माझ्यापर्यंत येतोच. दोन्हींची उत्तरं एकदा नीट द्यावीत म्हणून लिहिते आहे.

आधी दुसऱ्याचं. तो मनात असेल तोवर पहिल्याचं उत्तर कानात शिरत नाही.

काय मिळणार, हे मला चर्चनेही विचारलं आणि सगळ्यांसमोर विचारलं. प्रौढ माणसाला दीक्षार्थी म्हणून स्वीकारण्याचा एक विधी असतो, तो दारातच सुरू होतो. फादर दाराशी येतात आणि विचारतात, “तुम्ही देवाच्या ख्रिस्तसभेकडे काय मागता?” उत्तर असतं, “श्रद्धा.” मग पुढचा प्रश्न, “श्रद्धेने तुम्हाला काय मिळेल?” आणि उत्तर, “अनंत जीवन.” त्यानंतर कपाळावर, कानांवर, डोळ्यांवर, ओठांवर, छातीवर, खांद्यांवर क्रूसाची खूण करतात आणि मग आत घेतात. त्या दिवशी डोक्यावर पाणी नाही. बाप्तिस्मा अजून खूप लांब असतो.

तिथवर पोचायच्या आधी कित्येक आठवडे फादरांनी माझी कारणं खोदून खोदून विचारली होती. मुलीच्या शाळाप्रवेशासाठी का? घरात भांडण आहे का? आजारपणात काही नवस बोललात का? कुणी काही कबूल केलंय का? त्यांना माझा संशय आला होता असं नाही. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मप्रसाराबद्दल जो दस्तऐवज काढला, त्यातच हे सांगितलेलं आहे. कुणावर बळजबरी करायला, कुणाला आमिष दाखवायला चर्चची सक्त मनाई आहे, आणि येणाऱ्या माणसाचे हेतू जुन्या रीतीप्रमाणे तपासून घ्यायचे आहेत. हे मी अनेकांना सांगते. काहींना पटतं, काही नुसतं ‘हं’ म्हणतात.

आणि मिळण्याचंच बोलायचं तर आमच्या रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येणाऱ्या काही घरांकडे बघा. त्यांच्या आज्या-पणज्यांनी हा धर्म घेतला आणि नातवंडांच्या हातून सवलती गेल्या. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. माझ्या वाट्याला ते नुकसान आलं नाही, कारण माझी जात वेगळी. पण ज्यांनी ते सोसलं त्यांच्या शेजारी गुडघे टेकताना कुणी मला ‘किती मिळाले’ विचारलं की मला त्यांच्यासाठी वाईट वाटतं.

आता पहिला प्रश्न.

माझं माहेर गावभागातलं. आबा माळकरी, वारी न चुकवणारे. आमच्या घरी देव म्हणजे धाक नव्हता. विटेवर उभा राहून वाट बघणारा, जनाबाईबरोबर दळायला बसणारा देव मी आबांच्या मांडीवर ऐकला. तिथे काही कमी पडलं म्हणून मी गेले, असं कुणी समजू नये. देवावर प्रेम करता येतं हे मी त्याच घरात शिकले, आणि ते शिकले नसते तर पुढचं काही झालंच नसतं.

शाळेतल्या एका सहकाऱ्याचे वडील वारले तेव्हा मी पहिल्यांदा मिस्साला गेले. वाचन होतं योहानाच्या शुभवर्तमानातलं, लाजरसच्या मरणाचं. आपण लाजरसला मेलेल्यातून उठवणार आहोत, हे येशूला माहीत आहे. तरीही मित्राच्या थडग्याशी आल्यावर तो रडतो. हे वाक्य ऐकलं आणि मी तिथेच अडकले. उपाय हातात असतानाही देव आधी रडतो, आणि पुढे मित्राच्या त्याच वाटेने स्वतः मरणात उतरतो. मरण टाळून पलीकडे बसलेला देव मला कुणीही समजावून सांगू शकलं असतं. मेलेला देव मला कुणी सांगितला नव्हता. घरी येऊन मी शुभवर्तमान वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता एक दिवस लक्षात आलं की मी नुसती वाचत नाहीये, बोलते आहे आणि उत्तराची वाट बघते आहे. याहून जास्त ‘का’ मला देता येत नाही. प्रेमाचं कारण विचारलं की सगळ्यांची हीच गत होते.

साताऱ्याचे मामा म्हणाले, “म्हणजे रेव्हरंड टिळकांसारखं?” त्यांच्याकडे ही आठवण जवळची आहे, कारण टिळक शेवटची वर्षं साताऱ्यात राहिले आणि ‘देवाचा दरबार’ त्यांनी तिथेच भरवला. मी म्हटलं, मामा, ते प्रोटेस्टंट, मी कॅथलिक, पण प्रभू एकच. मामांच्या मनात मात्र वेगळंच होतं. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो घरी न सांगता, आणि पुढे काही वर्षं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. नंतर लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला, पण मधली वर्षं त्या बाईने कशी काढली असतील! मामांना माझ्या संसाराची काळजी होती.

ती फादरांनाही होती. पहिल्याच भेटीत त्यांचा पहिला प्रश्न होता, “यजमानांना माहीत आहे का?” दुसऱ्या भेटीला त्यांनी नवऱ्यालाच बोलावलं. तो हिंदू आहे आणि हिंदूच राहणार आहे. फादरांनी त्याला सांगितलं की बायको ख्रिस्ती झाली तरी तुमचं लग्न मोडत नाही. ते खरं लग्नच आहे, आणि सोबतीला राहायला जोडीदार राजी असेल तर त्याला सोडू नये असं संत पौलाने करिंथकरांना लिहून ठेवलंय. नवरा ऐकून घेत राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, “माणूस सरळ आहे.” मंगळसूत्र तेच, कुंकू तेच, नाव-आडनावही तेच. बाप्तिस्म्याला नाव बदलावंच लागतं हा समज आहे. ख्रिस्ती भावनेला विसंगत नसेल ते कोणतंही नाव चर्चला चालतं.

मग वर्षभराहून जास्त वेळ गेला, आणि इथेच लोकांना सगळ्यात मोठं नवल वाटतं. “पाणी घालायला एवढा वेळ?” तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा आईवडिलांच्या श्रद्धेवर होतो. सात वर्षं पूर्ण झालेला माणूस चर्चच्या कायद्याने याबाबतीत प्रौढ. त्याला स्वतः मागावं लागतं, शिकावं लागतं, ख्रिस्ती जगणं जगून बघावं लागतं. पहिल्या शतकांत ही रीत कडक होती, काही ठिकाणी तर तीन तीन वर्षं ऐकत बसायचं. संत ऑगस्टीन ३८७ साली ईस्टरच्या रात्री मिलानमध्ये बाप्तिस्मा घेताना बत्तीस वर्षांचे होते. पुढे ती रीत मागे पडली. व्हॅटिकन परिषदेने ती पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि १९७२ मध्ये प्रौढांसाठीचा विधी नव्याने आला.

दर आठवड्याला मी विश्रामबागेतून स्कूटरवरून जायची. शिकवायला कधी फादर असत, कधी सिस्टर. प्रश्न विचारायला मोकळीक होती आणि मी खूप विचारले. नको वाटलं तर कोणत्याही दिवशी उठून जाता येईल, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं. हे थांबणं मला जड गेलं नाही. उलट घरच्यांना त्याचा आधार झाला, त्यांना माझ्याकडे बघायला वेळ मिळाला. आबा कित्येक महिने या विषयावर बोललेच नाहीत. मग एका एकादशीला साबुदाणा भिजवताना त्यांनी आपणहून विचारलं, “तुमच्यात उपास असतात का?” मी सांगितलं, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार हे दोन दिवस उपासाचे, अठरापासून साठी लागेपर्यंत सक्तीचे, आणि उपासकाळातले, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांतले, सगळे शुक्रवार मांस वर्ज्य. त्यांनी मान हलवली. त्यानंतर आमच्यातलं बोलणं पुन्हा सुरू झालं.

उपासकाळाच्या सुरुवातीला, त्या ईस्टरला बाप्तिस्मा घेणारे म्हणून, बिशपसमोर आमची निवड झाली. आमचा धर्मप्रांत पुण्याचा. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी दीक्षार्थींसाठी खास प्रार्थना असते आणि त्या दिवशीची शुभवर्तमानं ठरलेली : विहिरीवर पाणी भरायला आलेली शमरोनी बाई, जन्मांध माणूस, आणि लाजरस. लाजरस मला पुन्हा भेटणार हे माहीत होतं. मला हलवलं ते मधल्याने.

येशू जन्मांधाला दृष्टी देतो. शेजारी म्हणतात, हा तोच का? कुणी म्हणतं तोच, कुणी म्हणतं त्याच्यासारखा दिसणारा दुसरा. मग त्याच्या आईवडिलांना बोलावून उलटतपासणी होते. ते सांगतात, हा आमचा मुलगा, जन्मतः आंधळा होता, एवढं खरं. आता याला कसं दिसतं ते आम्हाला माहीत नाही. तो वयात आलाय, त्यालाच विचारा.

त्याच्या थोडेच दिवस आधी आत्या आमच्या घरी येऊन आईला बोलली होती. “वहिनी, पोरीला समजवा, लोक काय म्हणतील.” आई गॅसपाशी भाकरी थापत होती. मागे न वळता म्हणाली, “ती काय लहान आहे का आता? तिलाच विचारा.” माझ्या आईने शुभवर्तमान कधी वाचलेलं नाही. त्या गोष्टीतले आईबाप सभास्थानातून घालवून देतील या भीतीने तसं म्हणाले, योहानाने तसं स्पष्ट लिहिलंय. आईच्या म्हणण्यात भीती नव्हती. थोडा थकवा होता, थोडी नाराजीही असेल, पण तिने मला त्या एका वाक्यात माझं वय दिलं. त्या रविवारी ते वाचन ऐकताना माझ्या डोळ्यांचं पाणी थांबेना. आणि त्या माणसाचं उत्तर, “मला एवढंच ठाऊक आहे की मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं,” ते तर माझंच उत्तर आहे. आत्याला मी तेच दिलं.

पवित्र शनिवारची, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसाची रात्र. बाहेर अंधारात विस्तव पेटवतात, त्यावरून ईस्टरची मोठी मेणबत्ती लावतात, तिच्यावर त्या वर्षाचा आकडा कोरलेला असतो. तिच्यामागून सगळे अंधाऱ्या चर्चमध्ये जातात. मग उत्पत्तीपासून वाचनं सुरू होतात. वेळ कमी असेल तर काही गाळता येतात, पण तांबडा समुद्र ओलांडण्याचं वाचन कधीच गाळत नाहीत. संतांची नावं घेत प्रार्थना होते आणि फादर पाण्यावर आशीर्वाद मागतात. त्या प्रार्थनेत जलप्रलय येतो. त्याच एका पाण्यात दुष्टपणाचा शेवट आणि चांगुलपणाची सुरुवात झाली, असं ती म्हणते.

सांगलीकराला यावर प्रवचन लागत नाही. आयर्विन पुलाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आमच्या पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. माहेरच्या पहिल्या मजल्याच्या जिन्यात उभं राहून मी मारुती चौकाकडून येणाऱ्या होड्या बघितल्या. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटली, माणसं बुडाली. आणि वर्षभर आम्ही पितो तेही कृष्णेचंच, ऊस आणि हळद पिकते तीही तिच्यावरच. पौल रोमकरांना लिहितो की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर मरणात पुरले जातो, त्याच्याबरोबर उठण्यासाठी. बाप्तिस्मा म्हणजे नुसतं धुणं असं मी आधी धरून चालले होते. त्या रात्री कळलं की आधी बुडायचं असतं.

सैतानाला नाकारलंत का, हे तीन प्रश्न. पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास आहे का, हे तीन प्रश्न. मग डोक्यावर तीनदा पाणी. माझ्या खांद्यावर हात ठेवून माझी धर्ममाता उभी होती, वसईकडची, मिरजेत नर्स म्हणून आयुष्य काढलेली. पांढरं वस्त्र, हातात पेटलेली मेणबत्ती, कपाळावर सुगंधी तेलाने दृढीकरण, आणि थोड्याच वेळात पहिला ख्रिस्तप्रसाद. लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यांना जे काही वर्षांच्या अंतराने मिळतं ते प्रौढाला एका रात्रीत मिळतं. आधीच्या सगळ्या पापांची क्षमा त्या पाण्यातच होते, म्हणून त्याआधी पापनिवेदन नसतं. हा संस्कार आयुष्यात एकदाच होतो आणि पुसता येत नाही.

नवरा मागच्या बाकावर मुलीला घेऊन बसला होता. आई आली होती. आबा नव्हते आले, आणि त्यांनी यावं असा हट्ट मी धरला नव्हता.

आणखी एक गोष्ट विचारली जाते, ती हल्ली नवऱ्यानेच विचारली. तू गेल्यावर जाळायचं की पुरायचं? चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिलेली आहे, फक्त पुनरुत्थान नाकारण्यासाठी ते केलेलं नसावं. पण रक्षा विखुरायची नाही, नदीत सोडायची नाही, पवित्र जागी एकत्र ठेवायची, हे २०१६ च्या सूचनेत स्पष्ट आहे. नवऱ्याला वाटतं, आपल्या घरातलं सगळं माणूस शेवटी कृष्णेत जातं, तू एकटी वेगळी का? यावर आम्ही बऱ्याचदा बोललो. त्याला वाईट वाटतं हे मला दिसतं आणि माझा विश्वास काय आहे हे त्यालाही माहीत आहे. शेवटी त्याने सांगितलं, तू म्हणशील तसं, फक्त लिहून ठेव, म्हणजे उद्या भावकीत कुणी विचारलं तर मला दाखवता येईल. मी लिहून दिलंय.