मिक्स डायरी: ३८ मिनिटं झाली, ढोलकीने दोन आठवडे खाल्ले

मंडळी, मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो की गणपतीआधी तासाभराचा मिक्स (गाणी आणि ठेके एकमेकांत मिसळून केलेला सलग तुकडा) पूर्ण करतो, ते काही जमलं नाही. ३८ मिनिटं झालीत. पहिली २२ पक्की, पुढची १६ ऐकताना मीच फॉरवर्ड करतो, यावरून काय ते समजा.

अडकलो ढोलकीपाशी. मामेभावाला पंचवटीतल्या घरी बसवून लावणीचा ठेका रेकॉर्ड केला, तो १२६ बीपीएमच्या (मिनिटाला १२६ ठोके) हाऊसवर, म्हणजे क्लबमधल्या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीतावर चढवायचा होता, तर मी आधी अडाण्यासारखी ढोलकीपण ताणून १२६ वर नेली. भाऊ ऐकून म्हणे, "दादा, पत्र्यावर उंदीर पळतायत." बरोबरच होतं त्याचं. मग कागद घेऊन बसलो. सहाच्या ठेक्यात दोन ठोके, प्रत्येकात तीन मात्रा, म्हणजे ८४ वर ठेवली तर मिनिटाला २५२ मात्रा, आणि हाऊसचे अर्धे ठोके १२६ दुणे, तेही २५२! बारीक मात्रा चिकटून बसतात, फक्त वजन वेगळ्या जागी पडतं, आणि हाऊसचे ३ बार (चार ठोक्यांचा एक) झाले की ढोलकीची ४ आवर्तनं होऊन दोघं एकदम समेवर येतात, साधारण पावणेसहा सेकंदांनी. भावाने मुळात ८२-८३ लाच वाजवलेली, त्यामुळे ताणावंही फार लागलं नाही. पहिल्यांदा सम जुळली तेव्हा रात्री दीडला खुर्चीतून उठलो राव.

हे खूळ डोक्यात घातलं ते टूमेनीडीजेजच्या २००२ च्या मिक्स अल्बमने. बेल्जियमचे दोन भाऊ, द स्टूजेसच्या धटिंगण गिटारवर सॉल्ट-एन-पेपाचा रॅप बसवतात, आणि ऐकताना वाटतं हे असंच रेकॉर्ड झालं असणार. त्यांनी १८७ गाण्यांसाठी परवानग्या मागितल्या होत्या, ११४ मिळाल्या. मी इतकी वर्षं समजत होतो की कमाल विचित्र जोड्या शोधण्यात आहे. आता वाटतं जोडी कुणीही सुचवेल हो, रॉक कुठे थांबला आणि रॅप कुठे सुरू झाला ते कळू न देणं, तिथे खरी घासाघीस आहे.

आता २२व्या मिनिटाचं दुखणं. तिथे नाशिक ढोल येतो, गोदाकाठी पथकाच्या सरावाला जाऊन फोनवर घेतलेला. एक तर जवळ उभा राहिलो म्हणून आवाज फाटलाय, त्यात पथक १२४ ला सुरू होऊन १३१ वर पोचलंय (पोरं पेटली की कोण थांबवणार), म्हणून दर चार बारला मार्कर (वेग जुळवायची खूण) टाकत बसलोय. वर ढोलाचा घुमारा आणि हाऊसचा किक (तळाचा धप्प ठोका) एकाच जागी भांडतात, दोघं मिळून नुसता चिखल. ढोलाचा १०० हर्ट्झखालचा भाग कापला तर चिखल गेला, पण ढोल पिंपासारखा वाजायला लागला. काल उलटं केलं, ढोल येताना आठ बार किकच काढून टाकला. कॉलेज रोडवर मित्राच्या गाडीत लावला तर दरवाजे थरथरले, पण किक परत येतो तो क्षण अजून धडपडतोय. रविवारी सरावाला परत जातो, या वेळी वीस पावलं लांब उभा राहून.