शुद्धलेखनाची सवय

पंधरा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून मग मी नागपुरात समुपदेशनाच्या पदविकेला बसले, तेव्हा वाटलं होतं की बुद्धिमापनाचं प्रात्यक्षिक तरी आपल्याला सोपं जाईल. मुलासमोर बसायचं, प्रश्न विचारायचे, मार्क द्यायचे. आजवर दुसरं केलंय काय! त्याच प्रात्यक्षिकाची फाइल आमच्या शिकवणाऱ्या मॅडमनी दोनदा परत केली.

पहिली चाचणी बिने-कामत. फ्रान्समध्ये बिने आणि सिमाँ यांनी 1905 साली जी मोजपट्टी काढली, तिच्यापुढच्या आवृत्त्यांवरून व्ही. व्ही. कामतांनी 1930 च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी ही बेतली. जुनी आहे, तिच्या मर्यादांवर वर्गात वादही झाले. पण शिकायला मला तीच आवडली, कारण तिचा हिशोब उघडा दिसतो. प्रत्येक वयाचे सहा प्रश्न. ज्या वयाचे सहाही येतात ते ‘बेसल’. तिथून वर चढायचं, आणि ज्या वयाचा एकही येत नाही तिथे थांबायचं. दहा वर्षांपर्यंत प्रत्येक बरोबर प्रश्नाचे दोन महिने. बेरीज म्हणजे मानसिक वय. त्याला खऱ्या वयाने भागायचं, शंभराने गुणायचं, की बुद्ध्यंक.

मूल मिळालं शेजारचं, तिसरीतलं. त्याच्या आईला आधीच सांगितलं होतं की हा माझा सराव आहे, आकडा मिळणार नाही. ती ‘हो हो ताई’ म्हणाली. खोली आवरली, टेबल त्याच्या उंचीचं घेतलं, त्याची पाठ खिडकीकडे केली, घड्याळ वहीआड ठेवलं. पहिली दहा मिनिटं नुसत्या क्रिकेटच्या गप्पा. इथवर सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं झालं.

मग आकड्यांची मालिका आली. आपण एक-एक आकडा सांगायचा, सेकंदाला एक, सपाट आवाजात, आणि मुलाने तसाच्या तसा म्हणायचा. सपाट आवाजात! वर्गात सराव करताना मी ‘सात-दोन, नऊ-चार’ अशा जोड्या पाडल्या होत्या, तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, “मोबाइल नंबर देताय का कुणाला?” ते मी सुधारलं होतं. पण पोराचा एक आकडा चुकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “नीट ऐक हं,” आणि मालिका पुन्हा म्हटली. शुद्धलेखन घालताना प्रत्येक शब्द दोनदा सांगायचा, ही पंधरा वर्षांची सवय. दुसऱ्यांदा त्याने बरोबर सांगितलं. मी खुशीत बरोबरची खूण केली, आणि प्रामाणिकपणे नोंदवहीत ‘पुन्हा सांगितले’ असंही लिहिलं.

मॅडमचं बोट नेमकं तिथेच थांबलं. “पहिलं उत्तर धरायचं. हा प्रश्न गेला.”

माझ्या फाइलमध्ये बेसल सात वर्षं, आठचे चार प्रश्न, नऊचे तीन आणि दहाचा एकही नाही, म्हणजे एकूण सात वर्षं चौदा महिने, महिन्यांत 98. तो प्रश्न खोडला आणि उरले 96. शिवाय खरं वयच मी चुकवलं होतं. चाचणी 12 फेब्रुवारी 2024 ची, जन्म 25 सप्टेंबर 2015 चा. बारातून पंचवीस जात नाहीत म्हणून एक महिना उसना घेतला, दिवस सतरा काढले, पण तो महिना वजा करायला विसरले. आठ वर्षं चार महिन्यांचा मुलगा आठ वर्षं पाच महिन्यांवर गेला. चौथीच्या मुलांना उसन्याची वजाबाकी शिकवणारी बाई मी!

खरं वयही महिन्यांत धरायचं, म्हणून 98 भागिले 101, बुद्ध्यंक 97. खरं उत्तर 96 भागिले 100, म्हणजे 96. मला वाटलं, एकाच गुणाचा तर फरक. मॅडम म्हणाल्या, “दोन चुका एकमेकींना झाकतायत. नुसती पहिली केली असती तर 98 आले असते.” एका ‘नीट ऐक हं’चे दोन गुण. अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे वाचन-लेखन-गणितातल्या खास अडचणीच्या, प्रमाणपत्रासाठी 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत बुद्ध्यंक 85 च्या वर आहे का, ही एक पायरी होती. त्या रेषेवरच्या मुलासमोर परीक्षक म्हणून मी बसले असते तर, या विचाराने त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसरी चाचणी मालिन यांची. आर्थर मालिन नागपूरचेच म्हणायचे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीवरून त्यांनी 1969 साली ती भारतीय मुलांसाठी इथेच बेतली. सहा ते पंधरा वर्षांची मुलं, अकरा उपचाचण्या, त्यात शाब्दिक सहा आणि कृतीच्या पाच. इथे मानसिक वय नाही, त्याला खऱ्या वयाने भागणंही नाही. मुलाचे गुण त्याच्या वयाच्या तक्त्यात पाहायचे आणि बरोबरीच्या मुलांत तो कुठे बसतो ते वाचायचं. सरासरी 100. तक्ता काम करतो, पण तक्त्याआधी आपण असतोच. खरा प्रश्न सांगणार नाही, मनचा घेते. पेरू आणि केळं यांत सारखं काय? ‘दोन्ही फळं’ला दोन गुण, ‘दोन्ही खातात’ला एक. आणि ‘दोन्ही गाड्यावर मिळतात’ला? आम्ही तिघींनी तीन वेगळे गुण दिले आणि निमूट मॅन्युअल उघडलं.

सरावात एकदा पालेभाज्या विचारल्या होत्या. मुलगी म्हणाली, “मेथी, पालक, सांबार.” माझ्या पुण्याच्या मैत्रिणीने सांबारवर काट मारली, सांबार इडलीसोबतचं म्हणून. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पोरीचा गुण गेलाच होता, मी शेजारी होते म्हणून वाचला.

तिसऱ्यांदा फाइल पास झाली. शेजारच्या आईने त्याच संध्याकाळी पोराच्या हाती डबा पाठवला, गरम सांबारवड्या. डबा देऊन तो दारातच घुटमळला.

“काकू, आईने विचारलंय, नक्की किती नका सांगू, पण शंभराच्या वर की खाली?”