आमची वाटचाल: आधी सावली, मग वारा, मग पाणी

ग्रीनहाऊस उभारून देणारे पुष्कळ आहेत. ऐन उन्हाळ्यात ते सांभाळून देणारे थोडे, आणि त्या थोड्यांत आम्ही जुने. सुरुवात दोघांनी केली. मला झाडांतलं कळायचं, भागीदाराला पाण्याच्या लाइनींतलं. तो मूळचा प्लंबर. थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या ड्रिपरखाली मापाचं भांडं ठेवायचा आणि घड्याळ लावून प्रत्येक ओळीचं पाणी मोजायचा. पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला की लाइन उघडून बसलाच. उन्हात तापलेल्या काळ्या लॅटरलमधलं, म्हणजे ओळीतल्या नळीतलं, पहिलं पाणी मुळांना चटका देतं, ते आधी नळीच्या टोकाच्या फ्लश वॉल्व्हने सोडून द्यायचं, हा नियम त्याचा. आजही आमच्या पोरांना पहिला धडा तोच.

आमची हत्यारं साधी. दिवसाचा सर्वांत जास्त-कमी पारा धरून ठेवणारा मॅक्स-मिन थर्मामीटर, ओला-सुका थर्मामीटर (एक पारा उघडा, दुसरा ओल्या फडक्यात), पाण्यातले क्षार मोजणारा ईसी मीटर, दहापट दाखवणारं भिंग आणि छतावर चुन्याचा हात मारायला पाठीवरचा पंप. थर्मामीटर झाडाच्या उंचीवर, सावलीत टांगायचा. लोक तो छताखाली उन्हात टांगतात आणि पन्नासचा आकडा बघून आम्हाला रात्री फोन करतात. ओला-सुका मात्र ज्याच्याकडे नाही, त्याने थंडाव्याच्या गप्पा मारूच नयेत. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओला पारा २२-२३ वर उतरतो. म्हणजे पॅड-फॅनला (ओल्या पॅडमधून पंख्याने हवा ओढायची) किंवा फॉगरला (पाण्याचं बारीक धुकं फवारायचं) खेळायला भरपूर जागा आहे. तीच आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की ओला पारा ३२च्या खाली यायला तयार नसतो. मग कितीही पाणी फवारा, हवेचा पारा त्याच्याखाली जाणार नाही.

हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण आमचं दुकान बुडायची वेळ आली ती नेमकी यावरून.

आमच्याच भागात एक नवे गृहस्थ उतरले. फॉगर विकायचे. बटण दाबलं की पांढरं धुकं, गिऱ्हाईक खूश, फोटो छान. आमच्याकडे दाखवायला काय? छताच्या बाहेरून हातभर अंतर ठेवून ताणलेली निम्मं ऊन अडवणारी, पन्नास टक्क्यांची पांढरी शेडनेट, उघड्या खिडक्या आणि वर गुंडाळलेले पडदे. यात फोटो काढण्यासारखं काहीच नाही. एकामागून एक वार्षिक करार त्यांच्याकडे गेले. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, एक रोपवाटिका, तिने देखभाल आमच्याकडे ठेवली आणि फॉगर त्यांचे बसवले. वर त्यांचाच सल्ला, की धुकं बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद ठेवा. शेडनेटही हिरवी आणि तीही आतून. नेट आत लावली की ऊन आधी घरात शिरतं, मग नेट तापते, आणि ती उष्णता घरातच राहते. आम्ही हे तोंडी सांगितलं, लेखी दिलं. उत्तर आलं, ‘तुम्ही जुन्या पद्धतीचे.’

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता ओढली जाते, हे खरंच. पण ती वाफ घराबाहेर गेली पाहिजे. बंद घरात ती साचते, हवा ओलीगच्च होते आणि पाण्याची वाफ होणंच थांबतं. प्रो-ट्रेमधली (रोपांच्या खाचांच्या ट्रेमधली) रोपं दिवसरात्र ओली राहिली, बुंध्याशी काळी पडून माना टाकायला लागली. ट्रेच्या ट्रे गेले. खापर कुणावर? देखभालवाल्यांवर. वर्षाचं बिल अडकलं ते कायमचं. मोठा पंप विकावा लागला, दोन माणसं सोडावी लागली आणि त्याच उन्हाळ्यात भागीदारही बाहेर पडला. त्याच्यावर राग नाही, त्याला संसार चालवायचा होता. फॉगरवाले मात्र त्या काळातही फोटो टाकत होते.

तेव्हा एका बाईंनी आम्हाला उभं ठेवलं. ऑर्किड आणि नेच्यांचं छोटं काचघर, आमच्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाईक. रोज संध्याकाळी त्या वहीत दिवसाचा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी पारा लिहायच्या, आतला आणि बाहेरचा. त्यांनी पुढच्या वर्षाचा करार आगाऊ केला आणि वहीही दिली. भर उन्हाळ्यातही आतला पारा बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंश खालीच. नेट बाहेरून, छताची खिडकी सताड उघडी, सकाळी जमीन ओली केलेली, बास. मी ती वही घेऊन रोपवाटिकेच्या मालकांकडे गेलो. त्यांनी चाळली आणि म्हणाले, ‘एवढ्याशा काचघराचं काय सांगता?’ बिल मिळालं नाहीच.

पुढची वर्षं बरी गेली. कामं वाढली, माणसं परत आली.

आता न विचारता दोन गोष्टी सांगतो. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नका. आधी कुंडीत बोट घाला. आत ओल असेल तर झाड फक्त उन्हापुरतं मान टाकून आहे, संध्याकाळी सावरेल. ओल्यात आणखी ओतलंत तर मुळं कुजतील. सकाळी मलूल दिसलं तर मात्र खरंच काहीतरी बिघडलंय. काळ्या कुंड्या भिंतीच्या उन्हात ठेवू नका, वाफ्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन द्या आणि उन्हाळाभर खताचा हात आखडता ठेवा. पानाची खालची बाजू भिंगाने बघा, कोरड्या उष्ण हवेत लाल कोळी फार झपाट्याने वाढतो. टोमॅटोची फुलं गळत असली तर औषध शोधत बसू नका, आधी पारा बघा. दिवसा ३५च्या वर राहिला की परागकण निकामी होतात, फवारणीने ते सुधारत नाहीत. आणि पॅड-फॅनचं बंदिस्त घर असेल तर जनरेटर हवाच. वीज गेली आणि पंखे थांबले की पीक हातचं जायला फार वेळ लागत नाही.

त्या गृहस्थांनी बसवलेले फॉगर अजून बऱ्याच ठिकाणी आहेत. क्षारांनी त्यांची नॉझलं बुजतात, मग धुक्याऐवजी थेंब टपकतात आणि आम्हाला फोन येतो. आम्ही जातो, नॉझलं सौम्य आम्लात भिजवून साफ करतो, फिल्टर बदलतो. बिल आता आगाऊ घेतो. आणि खिडक्या उघडल्याशिवाय पंप चालू करून देत नाही, मालक समोर उभे असले तरी.